पडवीतला बँड

मुलाला कंठ फुटला की घरात एक नवी कुरकुर सुरू होते. पुस्तक उघडे असते, पण बोटे मेजावर ताल धरीत असतात. मग एके दिवशी तो सांगतो की आम्ही चौघांनी मिळून बँड काढायचे ठरवले आहे. सराव कोणाच्या घरी व्हायचा, गिटारीचे पैसे कोणी द्यायचे, परीक्षेचे काय, हे प्रश्न त्याच्या मनात नसतात. ते आईबापांच्या मनात असतात. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हे झाले असेल, किंवा उद्या होईल. त्यांच्यासाठी आम्ही आज इंग्लंडातील एका पोरांच्या बँडची हकीकत सांगणार आहोत. त्यातील तीन मुले पुढे जगप्रसिद्ध झाली, परंतु त्यांच्या कीर्तीशी आम्हाला येथे विशेष कर्तव्य नाही. त्यांना गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हते तेव्हा त्या घरांतून काय घडले, आणि जी मुले प्रसिद्ध झाली नाहीत त्यांचे काय झाले, हे आम्हाला अधिक विचार करण्यासारखे वाटते.

१९५६ च्या आरंभी लॉनी डोनेगन नावाच्या गायकाची एक तबकडी इंग्लंडात फार गाजली. त्या गाण्याच्या प्रकाराला ‘स्किफल’ म्हणत. त्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नव्हते, पैसाही फारसा लागत नव्हता. एक स्वस्त गिटार असली की पुरे. बाकीची वाद्ये स्वयंपाकघरातून आणि अडगळीतून येत. कपडे घासण्याची पन्हळी फळी घ्यायची, बोटांत शिवणकामाची अंगुस्ताने घालायची आणि ती फळीवर खरवडून ताल धरायचा. हिंदुस्थान व सिलोनमधून चहा ज्या पातळ लाकडाच्या पेट्यांतून विलायतेस जाई, तशी एक रिकामी पेटी उपडी घालायची, तिला झाडूचा दांडा उभा करायचा, दांड्याच्या टोकापासून पेटीपर्यंत दोरी ताणायची. दोरी छेडली की खालचा खर्ज घुमू लागे. आसामच्या मळ्यातील पेटी लिव्हरपूलच्या पोरांच्या हाती जाऊन वाद्य झाली, याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

आणखी एक कारण होते. त्या देशात तरुणांना अठराव्या वर्षानंतर सक्तीची लष्करी नोकरी करावी लागे. १९३९ च्या ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांवर मात्र ती पाळी आली नाही. थोरल्या भावांच्या वाद्यवृंदांना पलटणीचे बोलावणे मोडून टाकी. धाकट्यांच्या वाद्यवृंदांना वाढायला सवड मिळाली.

लिव्हरपूलच्या क्वॉरी बँक या शाळेत जॉन लेनन नावाचा मुलगा होता. त्याने १९५६ साली शाळासोबत्यांना जमवून बँड काढला. शाळेच्या गीतातील एका शब्दावरून त्यांनी ‘क्वॉरीमेन’, म्हणजे दगडखाणीचे लोक, असे नाव घेतले. पीट शॉटन फळी वाजवी, एरिक ग्रिफिथ्स गिटार, रॉड डेव्हिस बँजो, आणि लेन गॅरी चहाची पेटी. कॉलिन हँटन तेवढा शाळा सोडून कोच-खुर्च्या मढवण्याच्या धंद्यात उमेदवारी करीत होता. त्याच्यापाशी ड्रम होते, तेही हप्त्यांनी घेतलेले. बँडमध्ये त्याला मान होता तो कौशल्यापेक्षा त्या ड्रममुळेच असावा, असे आम्हाला वाटते.

जॉन आईजवळ राहत नव्हता. मिमी नावाच्या मावशीने त्याला वाढवले. मावशी शिस्तीची. घरात गिटार वाजवायला तिची मनाई होती, म्हणून पोराला पुढच्या पडवीत पाठवले जाई. काचेने बंद केलेल्या त्या अरुंद जागेत आवाज चांगला घुमतो असे त्याला आढळले, आणि शिक्षेची जागा सरावाची झाली. आई ज्यूलिया जवळच दुसऱ्या घरी राहत असे. तिला बँजो येत होता. जॉन व एरिक दोघे एका शिक्षकाकडे गिटार शिकायला गेले, पण फार लवकर कंटाळले. तेव्हा ज्यूलियाने त्यांच्या गिटारी बँजोसारख्या लावून दिल्या आणि बँजोच्याच कॉर्ड शिकवल्या. त्यामुळे हे दोघे चार तारा वाजवीत आणि उरलेल्या दोन नुसत्या असत. जाणकार हसतील. परंतु शिकवणारी आई घरची होती, आणि मुले टिकून राहिली ती तिच्यामुळे.

१९५७ च्या २२ जूनला त्यांनी रोझबेरी स्ट्रीटवर एका कोळशाच्या लॉरीवर उभे राहून गाणी म्हटली. लिव्हरपूलच्या सनदेला साडेसातशे वर्षे झाली म्हणून गल्लीत उत्सव होता. प्रेक्षकांत काही दांडगट पोरे होती. त्यांनी जॉनला चोपण्याचा बेत केला. बँडवाले लॉरीवरून उतरून एका घरात शिरले, आणि अखेर पोलिसाने त्यांना बसथांब्यापर्यंत पोचवले. पोरांच्या बँडला अशा बिदाग्या मिळतातच.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, ६ जुलै १९५७ रोजी, वूल्टनच्या सेंट पीटर चर्चची जत्रा होती. हे चर्च अँग्लिकन पंथाचे. जॉन लहानपणी तेथील गायकवृंदात गात असे. जत्रेत पोरांचा बँड ठेवावा असा आग्रह पीट शॉटनच्या आईने धरला, असे सांगतात. चर्चच्या मंडळींनी तो मान्य केला. त्या दिवशी चेशायरच्या घोडदळाचा बँड होता, पोलिसांच्या कुत्र्यांचे खेळ होते, गुलाबराणीचा मुकुटसमारंभ होता. आणि या सगळ्यांच्या मध्ये हे पोरगे. आमच्या मते त्या जत्रेतील खरे धाडस समितीचे होते. ज्या मुलांना गल्लीतून पळावे लागले, त्यांना चर्चच्या आवारात जागा मिळाली.

संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या चर्चच्या सभागृहात नाच होता. तेथे एका सोबत्याने पॉल मॅकार्टनी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला आणले. या पॉलची आई मेरी कॅथोलिक, धंद्याने परिचारिका व सुईण. आदल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला ती कर्करोगाने वारली होती. वडील जिम कापसाच्या व्यापारात नोकरीला. तरुणपणी त्यांनी स्वतःचा जाझ बँड चालवला होता. मुलाला त्यांनी वाढदिवसाला ट्रंपेट दिला. ट्रंपेट तोंडात असता गाता येत नाही, म्हणून मुलाने तो बदलून गिटार आणायची परवानगी मागितली, आणि वडिलांनी ती दिली. मुलगा डावखुरा, त्याने तारा उलट्या क्रमाने चढवल्या. त्या संध्याकाळी त्याने एडी कॉक्रनचे एक अवघड गाणे सर्व शब्दांनिशी म्हणून दाखवले आणि गिटारही लावून दिली.

आता जॉनपुढे पेच पडला. बँड त्याचा, पुढारी तो. आपल्याहून चांगला वाजवणारा आत घेतला तर बँड सुधारणार, पण पुढारीपण वाटून घ्यावे लागणार. सोळा वर्षांच्या मुलाला हे ठरवायचे होते. काही दिवसांनी पीट शॉटनने सायकलवरून जाणाऱ्या पॉलला गाठून निरोप दिला. ऑक्टोबरात पॉल प्रथम त्यांच्याबरोबर वाजवायला उभा राहिला, आणि एकट्याने वाजवायचा तुकडा आला तेव्हा त्याची बोटे अडखळली. बँडमधून कोणी त्याला काढले नाही. पुढच्या वर्षी त्याने आपल्या शाळेतील जॉर्ज हॅरिसनला आणले. तो पॉलहूनही लहान. जॉर्जची आई लुईझ हीही आयरिश वंशाची कॅथोलिक. वडील बस चालवीत. आईने साडेतीन पौंड दिले तेव्हा एका विद्यार्थ्याकडची जुनी गिटार घरात आली. बोटे सोलवटून मुलगा रडकुंडीला आला की ती रात्री त्याच्याजवळ बसून धीर देई. बँडवाल्या पोरांना या घराचे दार नेहमी उघडे असे.

येथे आम्हाला आपल्याकडची आठवण होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना सोल्फेज व व्हायोलिन शिकवीत. त्यांतील कित्येक पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. त्यांना मेस्त होते, छडी होती, लिहिलेले स्वर होते. स्किफलच्या पोरांना यातले काहीच नव्हते. पण ती लाट हिंदुस्थानातही आली होती. १९५८ च्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, आणि त्यातही चहाच्या पेटीचाच खर्ज होता. पियानोवर फारूख बलसारा हा पारशी मुलगा बसे. त्याचे वडील झांझिबारला सरकारी नोकरीत होते. शाळेच्या सूचनेवरून जादा फी भरून त्यांनी त्याची पियानोची शिकवणी चालू ठेवली. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले.

असो. लिव्हरपूलकडे वळू. १९५८ साली क्वॉरीमेनांनी वर्गणी काढून पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणालयात दोन गाणी मुद्रित केली. खर्च साडेसतरा शिलिंग. तबकडी एकच, म्हणून प्रत्येकाने ती आळीपाळीने घरी न्यावी असे ठरले. शेवटी ती पियानो वाजवणाऱ्या जॉन लो याच्यापाशी राहिली ती १९८१ पर्यंत, आणि त्या वर्षी पॉलने ती त्याच्याकडून विकत घेतली.

त्याच वर्षी १५ जुलैला ज्यूलिया मिमीकडून निघाली. बसथांब्याकडे जाताना रस्ता ओलांडीत असता मोटारीने तिला उडवले. जॉन सतरा वर्षांचा होता. बँजो शिकवणारी गेली. बँडमधील दोन मुलांना आता आई नव्हती, आणि ते दोघे दुपारी पॉलच्या रिकाम्या घरी बसून वहीत गाणी लिहू लागले. शाळा बुडवून लिहीत, हेही सांगितले पाहिजे. जिम मॅकार्टनींना जॉनची संगत मुळीच पसंत नव्हती. तरी त्यांनी घराचे दार लावून घेतले नाही. यात त्यांचे चुकले असे म्हणणारे वाचक असतील; आम्ही त्यांच्याशी वाद घालणार नाही.

परंतु बँड चांगला होत गेला तसे जुने सोबती गळत गेले. शॉटनला वाजवण्याची गोडी नव्हती. एका मेजवानीत जॉनने त्याची फळी त्याच्याच डोक्यावर फोडली, दोघे हसले, आणि त्याचे वादन तेथे संपले. मैत्री मात्र टिकली. रॉडचा बँजो नव्या गाण्यांत बसेना. तो अभ्यासाकडे वळला व पुढे केंब्रिजला गेला. लेनला क्षयजन्य मेंदूज्वर झाला आणि तो कित्येक महिने रुग्णालयात पडून राहिला. कॉलिन एका रात्री भांडण होऊन आपल्या ड्रमसह बसमधून उतरला, तो पुन्हा आला नाही. एरिकचे आम्हाला अधिक वाईट वाटते. जॉर्ज आल्यावर गिटारवाले चार झाले, तेव्हा एका सरावाचे बोलावणे एरिकला गेलेच नाही. तोंडावर सांगण्याचे धैर्य मित्रांना झाले नाही. तो व्यापारी जहाजावर नोकरीला निघून गेला.

उरलेल्या तिघांनी १९६० साली ‘बीटल्स’ हे नाव घेतले आणि जर्मनीतील हँबुर्गला रात्रपाळीने वाजवायला गेले. तेथे जॉर्जचे वय अठराच्या आत आहे असे आढळून अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवले. त्यापुढचे सर्वांना ठाऊक आहे.

१९९७ साली वूल्टनच्या जत्रेला चाळीस वर्षे झाली. शॉटन, डेव्हिस, गॅरी, ग्रिफिथ्स आणि हँटन, हे पाचही जण साठीच्या जवळ आलेले, पुन्हा क्वॉरीमेन म्हणून एकत्र वाजवू लागले. ज्याला सरावाला बोलावले नव्हते तो एरिकही त्यांत गिटार घेऊन उभा होता, आणि २००५ साली त्याचा अंत होईपर्यंत तो त्यांच्यातलाच एक होता.