केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका

मुलाला कॅन्सर आहे असं कळलं की सगळ्या घराचं लक्ष त्या एकाच शब्दाकडे लागतं. ते साहजिकच आहे. पण अम्मी-अब्बूंनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उपचार चालू असताना मुलाच्या जिवाला कॅन्सरइतकाच धोका इन्फेक्शनचाही असतो. मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ल्युकेमिया, म्हणजेच ब्लड कॅन्सर. पूर्ण उपचार मिळाले तर यातली बरीच मुलं बरी होतात. म्हणूनच एखाद्या साध्या जंतूमुळे मूल हातचं जाऊ देता कामा नये.

असं का होतं?

केमोची औषधं कॅन्सरच्या पेशी मारतात, पण त्यासोबत रक्तातल्या चांगल्या पांढऱ्या पेशीही कमी करतात. त्यातल्या न्यूट्रोफिल या पेशी जंतूंशी लढणारे शिपाई असतात. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर शिपाई झाले फक्त ३६०. हा आकडा ५०० च्या खाली गेला की धोका मोठा. बहुतेक औषधांनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी काउंट सर्वात खाली जातो. अशा वेळी शिपाईच नसल्याने सूज किंवा पू दिसत नाही. पुष्कळदा ताप ही एकच खूण असते.

ताप आला तर

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला (तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धरा), तर ही इमर्जन्सी समजा. मुलाला थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा ते एकदम सुस्त पडलं, तर ताप नसला तरी निघा. आधी पॅरासिटामॉल देऊन "बघू सकाळी" म्हणू नका. गोळीने ताप उतरतो, जंतू मात्र आत वाढतच राहतात. हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

आपली अडचण अंतराची आहे. उपचार मुंबई-पुण्याला आणि घर जामखेडला. रात्री दोनला ताप आला तर मुंबई कशी गाठणार? म्हणून डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना विचारा: ताप आला तर जवळ कुठे जायचं, पहिलं इंजेक्शन कोणतं? ते चिठ्ठीवर लिहून घ्या. जामखेड किंवा अहिल्यानगरच्या त्या दवाखान्यात आधीच जाऊन चिठ्ठी दाखवून ठेवा. गाडीवाल्याचा नंबरही हाताशी असू द्या.

घरातली काळजी

सर्वात मोठं औषध साबण आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये काम सुरू केलं, तेव्हा खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांनीच स्वच्छ हात आणि स्वच्छ पाण्याचा धडा घरोघर पोहोचवला. तोच धडा इथे कामी येतो. मुलाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

पाणी उकळून गार केलेलं, जेवण ताजं आणि गरम. कापून ठेवलेली फळं, बाहेरचं सरबत, बर्फ, दावतीत तासन् तास राहिलेली बिर्याणी नको. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. बकरी ईदला कुर्बानीच्या जागेपासून मुलाला लांब ठेवा.

काउंट कमी असताना मिस्वाकऐवजी मऊ ब्रश वापरा, कारण हिरडी खरचटली की तिथून जंतू शिरतात. मूल नमाज पढत असेल, तर वुजू घरच्या स्वच्छ पाण्याने करू द्या, हौजवर नको. सेंट्रल लाइनची पट्टी भिजू देऊ नका. अशा वेळी मसह किंवा तयम्मुमचा मसला आलिमांना विचारा.

इयादत आणि नुस्खे

आजाऱ्याची इयादत सवाबचं काम आहे. पण वीस माणसं खोलीत बसली आणि एकाला सर्दी असली, तर प्रेमापोटीच नुकसान होईल. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आपल्याला माहीत आहे. फोनवर विचारपूस करा, दारात टिफिन ठेवा, दुआ करा. दम करायचा असेल तर पाण्यावर किंवा मुलावर फुंकर मारू नका, दुआ लांबूनही पोहोचते.

हिजामा मुळीच नको. केमोमध्ये रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी झालेल्या असतात, आणि कातडीवरचा छोटा कापही जंतूंना वाट करून देतो. कलौंजी, काढा, मध, काहीही द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा.

लस आणि शाळा

आजारी मुलाला कोणतीही लस कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. पोलिओ डोसच्या रविवारीही हेच. भावंडांच्या लसी मात्र चुकवू नका, फक्त त्यांना कोणत्या लसी चालतील तेही विचारून घ्या. शेजारी किंवा वर्गात कांजिण्या, गोवर निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आम्हा शिक्षकांना आजार सांगायला लाजू नका. सांगितलंत तर वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या हे आम्ही लगेच कळवू शकतो.

मुंबईत राहायचं कुठे?

परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणारी कुटुंबं आजही दिसतात. तिथे इन्फेक्शन टाळणार कसं? याच कारणासाठी २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था मुंबईत अशा मुलांना आई-वडिलांसह मोफत, स्वच्छ निवारा देते. तिथे जात-धर्म पाहिला जात नाही. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी चौकशी करा.

आपल्या मोहल्ल्यात असं मूल असेल, तर त्या घरी एक थर्मामीटर द्या आणि रात्री-अपरात्री गाडी काढायची तयारी ठेवा. शिफा अल्लाहच्या हातात आहे, वेळेवर निघणं आपल्या हातात.