धाव सर्वांची, चित्र कुणाचे?

श्रोतेहो, पेण तालुक्यातले जोहे हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. मूर्तीचे डोळे आखणाऱ्या कारागिराला काम टाकून क्रिकेटचा सामना पाहणे परवडत नाही. त्याचे कान मात्र मोकळे असतात. त्याच्यासाठी शेजारी लावलेला रेडिओ म्हणजे मैदानच. पण सामन्याचे वर्णन आणि चित्र फुकट घरी यावे की नाही, यावर आपल्या देशात मोठी भांडणे झाली आहेत. ती आज समजून घेऊ.

आता तुम्ही म्हणाल, सामना उघड्या मैदानावर होतो, मग त्यात हक्क कसला? जोह्याचेच उदाहरण घ्या. गणपतीचे रूप कुणा एकाच्या मालकीचे नाही. ते कुणीही घडवावे. पण एखाद्याने महिनाभर खपून तयार केलेला साचा त्याचा असतो. तो न विचारता उचलला, तर तक्रार होणारच. सामन्याचेही तसेच आहे. कॅमेरे लावून टिपलेले चित्र हा साचा. तो हक्क क्रीडामंडळ विकते, आणि त्या पैशातून मैदाने व खेळाडूंचे मानधन निघते. म्हणून विकत घेणारी कंपनी म्हणते, ‘आम्हीच दाखवणार.’ यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की ‘आम्हीच’ची हद्द कुठवर?

पहिले मोठे भांडण 1993 सालचे. हिरो कप स्पर्धेच्या चित्रणाचा हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिला. दूरदर्शनने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायाधीश होते. न्यायालय म्हणाले, आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर ना सरकारची मक्तेदारी, ना एखाद्या धनिकाची.

दुसरे भांडण आपल्या नागपूरचे. 21 जानेवारी 2007 रोजी तिथे भारत-वेस्ट इंडिज सामना झाला. भारताने 338 धावा केल्या आणि सामना अवघ्या 14 धावांनी जिंकला. पण हक्क खाजगी वाहिनीकडे होता, त्यामुळे दूरदर्शनवर तो सामना दिसलाच नाही. ज्याच्या घरी केबल नाही, त्याने काय करावे? पुढच्या सामन्यांसाठी दिल्ली उच्च न्यायालयाने दूरदर्शनला सात मिनिटे उशिरा चित्र दाखवण्याची मुभा दिली. मग सरकारने त्याच साली कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने हक्कदाराने प्रसारभारतीलाही द्यायचे. जाहिरातींच्या उत्पन्नातला हक्कदाराचा वाटा दूरचित्रवाणीवर किमान 75 टक्के, रेडिओवर किमान 50 टक्के. म्हणजे साचा त्याचाच राहिला, पण दर्शन सर्वांना मिळाले.

या सोयीलाही मर्यादा आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की असे घेतलेले चित्र दूरदर्शनने आपल्या अँटेनावर आणि आपल्याच डिशवर दाखवावे. खाजगी केबलवाल्यांना ते पुढे देता येणार नाही. केबलवरच्या दूरदर्शनवर सामना दिसत नसेल, तर त्याचे कारण बहुधा हे.

तिसरे भांडण बातमीचे. मोबाईलवर चेंडूगणिक धावसंख्या कळवणाऱ्या कंपन्यांना हक्कदार कंपनीने हरकत घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी 15 मिनिटे थांबण्याचा हुकूम दिला. पण 30 ऑगस्ट 2013 रोजी खंडपीठाने तो फिरवला: धाव निघाली, गडी बाद झाला, ही घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर मालकी सांगता येत नाही. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. पैसा मोठा असला, की असे दावे सहज संपत नाहीत.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना विचारावे: सामन्यातले विकण्याजोगे काय, आणि न विकण्याजोगे काय? खर्च करणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पण ज्याच्या खिशात वर्गणीचे पैसे नाहीत, त्यालाही देशाचा सामना कळला पाहिजे. हे दोन्ही सांभाळायचे, तर कायद्याइतकीच जागरूक श्रोत्यांचीही गरज आहे. आपला हक्क कोणता हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा तो हक्क कधी गेला हेही त्याला कळत नाही.