गॅझेटच्या आधीचा दिवाण

मराठा आरक्षणासाठीचं आझाद मैदानावरचं उपोषण सुटलं, २ सप्टेंबर २०२५चा शासन निर्णय निघाला आणि निजामकाळच्या नोंदींचं ‘हैदराबाद गॅझेट’ मराठवाड्याच्या पारापारावर पोचलं. कोणाला लाभ, कोणाचा विरोध, यावर भरपूर लिहून झालं. पण निजामाचा कारभार असा कागदावर आणला कोणी? त्याचं उत्तर आहे मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग.

हैदराबादेत हे नाव घेतलं की लोक संग्रहालयाकडे बोट दाखवतात. ते मुख्यतः नातवाच्या संग्रहातून उभं राहिलं. आजोबांचं काम महसुलाच्या दप्तरात आहे आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं.

१८५३ साली चोविसाव्या वर्षी ते दिवाण झाले. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या काँटिंजंट फौजेच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब नुकतेच कंपनीकडे गेले होते. उरलेल्या मुलखातले कितीतरी तालुके अरब जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण होते. वसुली मक्त्याने चाले. गावात कुलकर्णी दप्तर राखत होता, पण वरचे हिशेब वंशपरंपरागत दप्तरदारांच्या घरी असत. मराठवाड्याचे रायरायाँ या मराठी ब्राह्मण घराण्याकडे. म्हणजे आपल्याच रयतेची माहिती सरकारला दुसऱ्याच्या दारात मागावी लागे.

सालारजंगांनी तालुके सोडवले, मक्तेदार हटवून पगारी तालुकदार नेमले आणि १८६५च्या सुमारास जिलाबंदी केली. जिल्हा, त्याचा अंमलदार, न्यायालय, पोलीस अशी उतरंड बसली. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. १८८१ची जनगणना आणि १८८४चं औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर याच पायावर उभं राहिलं.

हा माणूस सत्तेच्या सीमारेषेवर जगला. एका बाजूला निजामाचा संशय, दुसऱ्या बाजूला इंग्रज रेसिडेन्सीचा दाब. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन रेसिडेन्सीवर चालून गेले, तेव्हा सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. तुर्रेबाज मारला गेला, मौलवी अंदमानात गेले. १८६०च्या तहात धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, ५० लाखांचं कर्ज माफ झालं. इंग्रजांना साथ दिल्याचा हा डाग पुसता येत नाही, पुसूही नये.

पण त्यांना इंग्रजांचं बाहुलं म्हणणंही खोटं. वऱ्हाड परत मिळावं म्हणून ते अखेरपर्यंत भांडले, १८७६ साली विलायतेलाही गेले. ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली, वऱ्हाड मात्र मिळालं नाही. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेऊन तो विषयच संपवला.

आज आपण गॅझेटमधल्या आकड्यांवर भांडतो, मूळ दप्तर मात्र फार थोड्यांना वाचता येतं. हैदराबादेत तार्नाक्याच्या अभिलेखागारात निजामशाहीचे कागद आहेत. त्यांसाठी फारसी, उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं लागतात. मराठवाड्याच्या विद्यापीठांनी ती घडवावीत आणि सरकारने त्यांना पगारी नोकरी द्यावी. हक्काचा दाखला मागणाऱ्याला आणि त्याला हरकत घेणाऱ्याला, दोघांनाही मूळ नोंद वाचून मिळाली पाहिजे.