पावलाची कमान आणि शरीराचा भार

पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा आणि उमटलेला ठसा पाहा. बहुतेकांच्या ठशात आतल्या बाजूला रिकामी जागा दिसेल. तेथे पावलाला कमान असते. हाडे, अस्थिबंध व स्नायू यांची ही कमान चालताना किंचित दबते, पुन्हा वर येते आणि स्प्रिंगप्रमाणे धक्का सोसते. तान्ह्या मुलांचे तळवे सपाट दिसतात. कमान साधारणपणे वयाच्या ६ ते १० वर्षांपर्यंत आकार घेते.

याच काळात वजन फार वाढले तर? दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. समजा, ४० किलोग्रॅम वजनाचा मुलगा एका पायावर उभा आहे व त्याचा ठसा ८० चौरस सेंटीमीटर आहे. दर चौरस सेंटीमीटरवर ०.५ किलोग्रॅम भार पडेल. वजन ६० किलोग्रॅम झाले आणि पाऊल पसरून ठसा १०० चौरस सेंटीमीटर झाला, तरी हा आकडा ०.६ होतो. तळवा पसरूनही दाब वाढलाच! लठ्ठ मुलांच्या पावलांची मोजमापे हेच दाखवतात. तोल सांभाळण्यासाठी अशी मुले बहुधा पाय फाकवून, सावकाश चालतात.

तेव्हा खेळाच्या तासाला मागे राहणाऱ्या मित्राला आळशी म्हणू नका. तेवढेच अंतर चालायला त्याच्या स्नायूंना अधिक काम पडते. पाय दुखले की खेळ सुटतो, खेळ सुटला की वजन वाढते. सपाट ठसा म्हणजे रोग नव्हे. पण पाय दुखत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. आणि रोज थोडे अंतर त्याच्या चालीने त्याच्याबरोबर चालावे.