हिरवळीची तहान

उन्हाळा लागला कीं घरापुढील हिरवळीची चिंता वाटूं लागते. मग रोज सायंकाळीं रबरी नळी हातीं घेऊन गवतावर थोडें थोडें पाणी शिंपडण्याचा क्रम सुरू होतो. त्यांत हौस आहे, मायाही आहे. परंतु गवताचें हित मात्र नाहीं. तें कसें, तें आज पाहूं.

जेथें ओल असते तेथेंच मूळ वाढतें. जमिनीचा वरचा बोटभर थरच रोज भिजत असेल, तर मुळेंही तेवढ्यांतच पसरतात. वैशाखाचें ऊन हा थर पाहतां पाहतां सुकवितें आणि गवत माना टाकतें. याउलट, १५ सेंटिमीटर खोल मुरेल इतकें पाणी एकदम दिलें व नंतर तीन-चार दिवस हात आंवरला, तर मुळें ओलीच्या मागोमाग खालीं उतरतात. तेथें उन्हाचा ताप सहज पोहोंचत नाहीं.

आपल्याकडे हिरवळीसाठीं हरळी पुष्कळ लावतात. गणपतीस आपण वाहतों ती दूर्वा हीच. कडक उन्हाळ्यांत तिला आठवड्यास साधारणतः २५ ते ३५ मिलिमीटर पाणी लागतें. हें मोजणें सोपें आहे. उभ्या कडांचा रिकामा डबा गवतावर ठेवून पाणी शिंपडावें. डब्यांत १५ मिलिमीटर पाणी साठलें, म्हणजे दर चौरस मीटरास १५ लिटर पडलें. असें आठवड्यांतून दोनदां पुरे. काळ्या जमिनींत पाणी सावकाश मुरतें. तेथें तें दोन हप्त्यांनीं, मध्यें तासाभराचें अंतर ठेवून द्यावें. मुरमाड जमिनींत तें लवकर निघून जातें. तेथें थोडें कमी, पण अधिक वेळां द्यावें.

वेळ पहांटेचीच उत्तम. दुपारचें पाणी बरेंचसें वाफ होऊन जातें. सायंकाळचें रात्रभर पात्यांवर राहून बुरशीस आमंत्रण देतें. गवत तहानलें कीं नाहीं, हें गवतच सांगतें: त्याचा रंग निळसर-करडा दिसूं लागतो आणि पाऊल उचलल्यावर दबलेलीं पातीं लौकर उभीं राहत नाहींत. कापणींतही संयम हवा. एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. उन्हाळ्यांत गवत थोडें उंचच ठेवावें, म्हणजे जमिनीवर सावली राहते.

आतां एक शेवटचा विचार. अवघ्या दहा चौरस मीटरांच्या हिरवळीसही वरील हिशेबानें आठवड्यास २५० ते ३५० लिटर पाणी लागतें. शहरांत पाण्याची टंचाई असतां तेवढें पाणी शेजाऱ्याच्या चुलीपाशीं अधिक शोभतें. अशा वेळीं तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी गवतास द्यावें आणि तेंही न पुरल्यास हरळीस खुशाल पिवळी पडूं द्यावी. मुरलेली हरळी तेवढ्यानें सहसा मरत नाहीं. तिचीं जमिनींतील खोडें निद्रिस्त राहतात आणि मृगाचा पाऊस लागतांच पुन्हां अंकुर धरतात. हिरवळीवर प्रेम करणाऱ्यानें तिच्या या चिवटपणावर थोडा विश्वासही ठेवावा.