न्हाणीघराच्या टाइल्स स्वतः बसवताय? आधी ढाळ बघा

नीरा-भीमेच्या संगमावरच्या आपल्या नरसिंहपुरात हौसेनं न्हाणीघर स्वतः करणाऱ्यांसाठी थोडं.

टाइल्सचं डिझाइन नंतर निवडा, आधी ढाळ साधा. न्हाणी ट्रॅपकडे फुटाला साधारण दीड सूत उतार हवा. लेव्हल ट्यूबनं भिंतीवर खुणा करा, नजरेवर विसंबू नका.

सांध्यांतून पाणी झिरपतंच. म्हणून खाली वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, कोपऱ्यांत जाळी घाला, मग ट्रॅप बंद करून 24 तास पाणी साठवा. पातळी ठळक उतरली किंवा बाहेरून ओल दिसली, तर पुढे जायचंच नाही. (हा टप्पा गाळायला मुरलेले गवंडीही तयार असतात!)

भिंतीची ग्लेझ्ड टाइल वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते, सिमेंटवर लावायची तर आधी भिजवा. व्हिट्रिफाइड जेमतेम अर्धा टक्का पिते, साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. तिथे टाइल अ‍ॅडहेसिव्हच. जमिनीला मॅट फिनिश.

ग्राउट मात्र इपॉक्सी घ्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला आपण अ‍ॅसिड ओततो, आणि ते सिमेंटचं ग्राउट खातं. इपॉक्सी महाग असतं आणि पटकन घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडंच कालवा.