खांदेमळणी : पूजेची आणि पारखीची

श्रावण अमावास्या जवळ आली की नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत झुली, बाशिंगे आणि घुंगरमाळा बाहेर निघतात. वर्षभर मानेवर जू वाहणाऱ्या बैलाला पुरणपोळीचा घास भरवून शेतकरी त्याचे ऋण स्मरतो. नाशिक क्षेत्री तर वृषभाचा मान आगळाच आहे. पंचवटीतील कपालेश्वराच्या मंदिरात महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून मुक्त होण्यासाठी रामकुंडातील स्नानाचा मार्ग नंदीने दाखविला. म्हणून महादेवांनी त्याला गुरू मानले व आपल्यासमोर बसू नये असे सांगितले, अशी कथा भाविक सांगतात.

देवानेही ज्याला गुरू मानले, त्या मुक्या जिवाचे दुखणे वेळीच ओळखणे हाही त्याच्या पूजेचाच भाग होय, असे आम्हांस वाटते. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांदेमळणी होते. हळद व तूप लावून बैलाचे खांदे मळले जातात, उद्याच्या भोजनाचे आवतण दिले जाते. धन्याचा हात बैलाच्या अंगावरून इतका सावकाश एरवी क्वचितच फिरत असेल. त्या हाताला बरेच काही कळू शकते.

ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोगाने डोके वर काढले आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार व शर्यती बंद कराव्या लागल्या. पोळाही अनेक गावांनी मिरवणुकीविना, घरच्या अंगणातच साजरा केला. या रोगात प्रथम ताप चढतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते, जनावर चारा टाकते. खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजते आणि मग अंगभर कठीण गाठी उठतात. खांदा मळणाऱ्या बोटांना ही सूज लागली, तर त्या बैलाला मिरवणुकीत न नेता वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यासही शासकीय पशुवैद्यकीय सेवेशी संपर्क साधता येतो. हा रोग माणसाला होत नाही. तेव्हा शुश्रूषेस कोणी कचरू नये.

रोगाचा विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात ते मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड. म्हणून गोठ्यातील कीड आवरणे हा निम्मा उपचारच समजावा. गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली गळते व भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटींत अंडी घालते. केवळ जनावराच्या अंगावर औषध फवारून ती हटत नाही. भेगा लिंपाव्या लागतात. ओल्या शेणात व कुजक्या चाऱ्यात माश्या वाढतात. तो रोज उचलावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. नाशिक हा द्राक्षांचा जिल्हा. भुरी, केवडा व किडींवरील औषधांचे डबे घरोघरी असतात. बागेसाठी आणलेले कीटकनाशक गोचिडीसाठी बैलाच्या अंगाला कदापि चोळू नये. जनावर ते चाटते, कातडीतूनही विष भिनते. फवारलेल्या बागेतील गवतही लगेच चारू नये. विषबाधेत लाळ गळते व अंग थरथरते. लाळ्या-खुरकुतातही लाळ गळते, परंतु तेथे तोंडात व खुरांत फोड येतात. हा भेद पशुवैद्यकानेच करावा, कारण दोहोंचे उपचार भिन्न आहेत.

लसीचे बळ अंगी येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून ती सणापूर्वी पुरेशी अगोदर टोचून घ्यावी. लसीकरणाने काय साधते, याचे उदाहरण दूर नाही. गोठेच्या गोठे रिते करणाऱ्या बुळकांडीतून भारत २००६ मध्ये मुक्त ठरला आणि २०११ मध्ये अवघ्या जगातून ती नाहीशी झाल्याचे घोषित झाले.

इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात भातखाचरांचा चिखल तुडविणाऱ्या डांगी बैलाच्या कातडीला निसर्गाने तेलकट स्राव दिला आहे; धो धो पाऊसही त्यावरून ओघळून जातो. माशीचा डंख आणि गोचिडीचा चावा मात्र ती कातडी अडवू शकत नाही. ते रक्षण धन्यानेच करायचे आहे. यंदाच्या खांदेमळणीला हळद-तुपाचा हात जरा अधिक वेळ फिरू द्या. कानामागे, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी तो पोहोचू द्या. सर्जा-राजाची जोडी पुढील पोळ्यालाही निरोगी खांद्याने दारी उभी राहो, हीच प्रार्थना!